कोकोच्या सालीवरचे बिऱ्हाड

डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात कोकोचा भाव टनामागे बारा हजार डॉलरच्या घरात गेला. दोनच वर्षांपूर्वी तो अडीच हजारांच्या आसपास घुटमळत होता. पश्चिम आफ्रिकेत पिकावर रोग पडला, पाऊस बेभरवशाचा झाला आणि मुख्यतः आयव्हरी कोस्ट व घाना या दोन देशांवर विसंबून असलेल्या या धंद्याचा तोल गेला. युरोप-अमेरिकेत चॉकलेट महागले म्हणून हळहळ व्यक्त झाली. दक्षिण अमेरिकेतील एक्वादोरच्या शेतकऱ्याला मात्र हीच संधी वाटली, आणि त्यात त्याचे काही चुकले असे म्हणता येणार नाही. पुढे २०२५ मध्ये भाव जवळजवळ निम्म्यावर उतरले. बाजाराच्या या चढउताराच्या बातम्या वाचणाऱ्याला त्यात एका इवल्याशा वनस्पतीचा जीव गुंतलेला असेल अशी शंकाही येणार नाही.

या वनस्पतीचे शास्त्रीय नाव स्प्रूसिअँथस थिओब्रोमी. तिला बोलीभाषेतले नाव असण्याचे कारण नाही, कारण ज्याला कोणी विकत नाही, खात नाही किंवा घाबरत नाही, त्याला लोक सहसा नाव ठेवण्याच्या भानगडीत पडत नाहीत. पावसाळ्यात कोकणातल्या चिऱ्याच्या गडग्यावर किंवा सह्याद्रीतल्या ओल्या कातळावर पसरणारे हिरवे पापुद्रे ज्याने पाहिले आहेत, त्याची या वनस्पतीच्या भाऊबंदांशी तोंडओळख झालेली असते. त्या सगळ्याला शेवाळ म्हणून एका शब्दात निकालात काढण्याची रीत आहे. वनस्पतिशास्त्र मात्र त्यांतील एका मोठ्या गटाला यकृतका म्हणते. इंग्रजीतील लिव्हरवर्ट या शब्दाचे ते भाषांतर. यांतील काही जातींचा आकार यकृताच्या पाळ्यांसारखा दिसतो म्हणून जुन्या काळच्या युरोपीय वैद्यांनी त्या यकृताच्या विकारांवर औषधी मानल्या. औषध खोटे ठरले, नाव तेवढे चिकटून राहिले.

यकृतकांच्या जगात सुमारे सात हजार जाती आहेत. त्यांना खरी मुळे नाहीत, पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या नाहीत, फूल नाही, बी नाही. जमिनीतून पाणी ओढून वर चढवण्याची कला मोठ्या झाडांनी साधली. यकृतकांनी ती शिकलीच नाही. पावसाचे थेंब, दव आणि धुके सर्वांगाने टिपून घ्यायचे आणि हवा कोरडी झाली की आकसून गप्प पडून राहायचे, ही त्यांची जगण्याची रीत. स्प्रूसिअँथस ज्या कुळातली आहे त्या कुळातील बहुतेकांच्या पानाची कड खाली दुमडून तिची बारीकशी पिशवी होते आणि तीत पाण्याचा थेंब साठतो. हाच त्यांचा रांजण. आता इतक्याशा रांजणावर संसार चालवणाऱ्या जिवाला माथ्यावरची सावली किती मोलाची असेल, हे सांगावयास नको. वरचे छत्र गेले की ऊन आणि वारा त्या पिशव्या कोरड्या करतात, आणि जाती-जातींमध्ये सहनशक्तीचा फरक असला तरी दाट जंगलात वाढलेल्यांना हे फार काळ झेपत नाही.

स्प्रूसिअँथस थिओब्रोमी पश्चिम एक्वादोरखेरीज जगात अन्यत्र सापडत नाही. अँडीज पर्वत आणि पॅसिफिक महासागर यांच्यामधल्या सखल पट्ट्यात एके काळी घनदाट वर्षावन होते. विसाव्या शतकाच्या मध्यास तेथे रस्ते पोहोचले. रस्त्यामागून वसाहतकार आले, केळीच्या बागा आल्या, गुरांची कुरणे आली, तेल्या ताडाची लागवड आली. कॅलवे डॉडसन आणि अल्विन जेंट्री या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये या भागाचा जो आढावा घेतला त्याचा सूर मृत्युलेखाचा आहे. मूळ जंगलापैकी काही थोडे टक्केच तोवर शिल्लक उरले होते. रिओ पालेंके येथे जंगलाचा जेमतेम एक चौरस किलोमीटरचा तुकडा राखला गेला. त्या तुकड्याच्या व भोवतालच्या जागेच्या वनस्पतींची जी सूची या दोघांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केली तीत हजाराहून अधिक जाती आहेत. एवढ्याशा जागेत एवढी दाटी, यावरून गेले ते काय होते याचा अंदाज बांधता येतो.

अशा परिस्थितीत ही यकृतका नाहीशी झाली असती तर नवल नव्हते. ती टिकली, आणि टिकली ती कोकोच्या जुन्या बागांतील झाडांच्या सालीवर. जंगलातून उठलेले बिऱ्हाड तिने शेतात थाटले. तिच्या नावातील उत्तरार्ध हेच सांगतो. कोकोच्या वृक्षाला लिनीअसने थिओब्रोमा, म्हणजे देवांचे अन्न, असे नाव दिले होते; त्यावरूनच थिओब्रोमी.

हे कसे घडले याचे उत्तर कोकोच्या स्वभावात आहे. कोको हे मूळचेच जंगलाच्या तळमजल्यावर, मोठ्या वृक्षांच्या सावलीत वाढणारे झाड. एक्वादोरचा जुना शेतकरी बाग करताना जंगल सपाट करीत नसे. खालची झाडी साफ करून तो कोको लावी आणि वर जंगलातील काही मोठी झाडे तशीच राखी. अधूनमधून केळ, संत्रे, ग्वाबा, लाकडासाठी लॉरेल अशी आपल्या सोयीची भर घाली. गोव्याच्या कुळागरात सुपारीखाली मिरी आणि केळी नांदतात ते ज्याने पाहिले आहे त्याला या व्यवस्थेचे चित्र सहज डोळ्यांसमोर आणता येईल. अशा बागेत हवा दमट राहते, ऊन गाळून येते, झाडे पन्नास-साठ वर्षे जागची हलत नाहीत आणि त्यांची साल म्हातारी, खडबडीत होते. यकृतकेच्या दृष्टीने पाहिले तर हे जंगलच आहे, फक्त जरा विरळ.

या जातीचे पहिले वर्णन करणारा रिचर्ड स्प्रूस हा इंग्लंडातील यॉर्कशायरचा. शाळामास्तराचा मुलगा, स्वतःही काही काळ यॉर्कच्या एका शाळेत गणित शिकवणारा, प्रकृतीने तोळामासा. १८४९ मध्ये तो ॲमेझॉनच्या मुखाशी उतरला आणि पंधरा वर्षे त्या खोऱ्यात व अँडीजमध्ये वनस्पती गोळा करीत फिरला. त्याचे खरे प्रेम शेवाळी वनस्पतींवर, त्यातही यकृतकांवर. परंतु त्याचे नाव इतिहासात राहिले ते वेगळ्याच कामामुळे, आणि त्या कामाचा संबंध थेट भारताशी आहे.

हिवतापावर त्या काळी एकच रामबाण उपाय होता, सिंकोना वृक्षाच्या सालीतील क्विनीन, आणि हा वृक्ष फक्त अँडीजमध्ये होई. भारतातील फौज आणि कारभार तापाने फणफणत असताना ब्रिटिश सरकारला ही साल स्वतःच्या मळ्यात हवी होती. क्लेमेंट्स मार्कम याच्याकडे मोहीम सोपवण्यात आली आणि एक्वादोरमधील तांबड्या सालीच्या जातीचे काम स्प्रूसकडे आले. १८६० च्या प्रारंभी आजाराने त्याचे हातपाय जवळजवळ लुळे पडले होते. तरी चिंबोरासोच्या पश्चिम उतारावरील लिमोन या ठिकाणी राहून त्याने सुमारे एक लाख बिया जमवल्या. रॉबर्ट क्रॉस या माळ्याच्या मदतीने सहाशेहून अधिक रोपे तयार केली. ती तराफ्यावरून नदीने ग्वायाकील बंदरात, तेथून आगबोटीने पुढे आणि अखेर निलगिरीच्या डोंगरात, उटकमंडच्या मळ्यात पोहोचली. पुढील काळात बंगालमध्ये टपाल कचेऱ्यांतून पैशाला एक याप्रमाणे क्विनीनच्या पुड्या विकल्या जाऊ लागल्या, त्या धोरणाची सुरुवात अशी आहे. स्प्रूसने पाठवलेल्या तांबड्या सालीत क्विनीनचे प्रमाण बेताचेच निघाले आणि क्विनीनचा बाजार शेवटी जावामधील डच मळेवाल्यांनी बोलिव्हियाच्या बियाण्यावर काबीज केला, ही गोष्ट वेगळी.

स्प्रूसला यातून काय मिळाले? ग्वायाकीलची एक पेढी बुडाली आणि तीत त्याची सारी पुंजी गेली. १८६४ मध्ये तो खंगलेल्या शरीराने मायदेशी परतला. सरकारने वर्षाला पन्नास पौंडांचे निवृत्तिवेतन बांधून दिले; मार्कमने बऱ्याच वर्षांच्या खटपटीनंतर १८७७ मध्ये भारत सरकारच्या तिजोरीतून आणखी पन्नास मिळवून दिले. म्हणजे हिंदी रयतेच्या करातून यॉर्कशायरच्या एका खोपटात चूल पेटत होती, आणि त्या चुलीशेजारी हा माणूस, बहुतेक वेळ आडवे पडून, सूक्ष्मदर्शकाखाली यकृतका तपासत होता. १८८४-८५ मध्ये ॲमेझॉन आणि अँडीजमधील यकृतकांवरचा त्याचा ग्रंथ बाहेर पडला. त्यात सुमारे सातशे जातींची वर्णने आहेत. ज्या वनस्पतीने साम्राज्याला लाभ करून दिला तिच्यासाठी त्याला पैसे मिळाले; जिच्यावर त्याचा जीव होता तिच्यासाठी कोणी छदामही दिला नसता. याची त्याला पुरेपूर जाणीव होती. एका पत्रात त्याने थोड्या खट्याळपणे लिहून ठेवले आहे की यकृतका माणसाला गुंगी आणत नाहीत, ओकारी आणत नाहीत आणि त्याच्या पोटातही जात नाहीत. पण जेथे त्या आहेत तेथे त्यांचा उपयोग आहे, त्या स्वतःपुरत्या सुंदर आहेत, आणि असण्याला एवढे कारण पुरे असावे.

अर्थशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात या विधानाला जागा नाही. किंमत ठरते ती मागणीने, आणि यकृतकेला मागणी नाही. अलीकडे निसर्गरक्षणाच्या बाजूने बोलणारे लोक एक पळवाट काढतात. आज निरुपयोगी दिसणाऱ्या वनस्पतीत उद्या एखादे औषध सापडेल, म्हणून ती राखा, असे ते म्हणतात. हा युक्तिवाद ऐकायला व्यवहारी वाटतो, पण तो कच्चा आहे. सात हजार जातींपैकी एकीत औषध सापडण्याचा संभव हिशेबात धरायचा झाला तर त्याचे आजचे मोल एका पोते कोकोइतकेही भरणार नाही, आणि ज्या दिवशी ते औषध प्रयोगशाळेत बनवता येईल त्या दिवशी वनस्पतीची गरजही संपेल. राखायचेच असेल तर स्प्रूसने दिलेल्या कारणासाठी राखावे आणि त्याचा खर्च उघडपणे मांडावा, हे अधिक प्रामाणिक.

स्प्रूसनंतर ही जात शंभरावर वर्षे फारशी कोणाच्या दृष्टीस पडली नाही. २००० साली शेवाळी वनस्पतींची जी जागतिक लाल यादी प्रसिद्ध झाली तीत तिची नोंद संकटग्रस्त म्हणून झाली. पाठोपाठ २००१ मध्ये टिलो काउट्झ आणि रॉबर्ट ग्राडस्टाइन या संशोधकांनी तिच्या राहणीचा व संरक्षणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पारंपरिक पद्धतीने राखलेल्या कोकोच्या बागा हा तिचा आसरा आहे ही गोष्ट त्यामुळे पुढे आली. येथून प्रश्नाचे स्वरूपच पालटते. जंगलातील वनस्पती असती तर अभयारण्य काढून, कुंपण घालून, रखवालदार नेमून तिची सोय लावता आली असती. शेतकऱ्याच्या उभ्या पिकावर जी राहते तिचे भवितव्य त्या शेतकऱ्याच्या जमाखर्चात आहे.

हा जमाखर्च समजून घेतला पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक्वादोर हा कोकोच्या निर्यातीत जगात अग्रेसर होता. नासिओनाल या तेथील मूळ वाणाला फुलांसारखा सुवास असतो आणि त्याबद्दल त्याची कीर्ती होती. १९१० ते १९३० या काळात बुरशीच्या दोन रोगांनी, बाजारातील मंदीने ते वैभव धुळीस मिळवले. नंतर १९६५ मध्ये ओमेरो कास्त्रो या संशोधकाने नारांहाल येथे संकरातून एक वाण निवडले. सीसीएन-५१ या नावाने ते ओळखले जाते. ते रोगाला दाद देत नाही, लवकर फळते, जुन्या बागेच्या कितीतरी पट उत्पन्न देते आणि भर उन्हात वाढवता येते. चवीचे जाणकार त्याला नाके मुरडतात. परंतु शेतकऱ्याला पैसे मिळतात ते पोत्याच्या वजनावर, आणि एक्वादोर आज पुन्हा कोकोच्या पहिल्या तीन-चार देशांत आला आहे तो प्रामुख्याने याच वाणाच्या बळावर.

सुवासिक वाणाला जास्त भाव मिळाला असता तर जुनी बाग तगली असती, असे कोणी म्हणेल. तत्त्वतः ते खरे आहे. प्रत्यक्षात गावचा व्यापारी दोन्ही वाणांच्या बिया एकाच ढिगात ओततो आणि बहुधा एकच भाव देतो. या भेसळीचा परिणाम असा झाला की आंतरराष्ट्रीय कोको संघटनेने एक्वादोरच्या संपूर्ण मालाला दिलेला उच्च प्रतीचा दर्जा १९९४ मध्ये खाली आणला आणि फक्त तीन-चतुर्थांश मालच त्या प्रतीचा मानला. चांगल्या मालाला वाईट मालाच्या भावात विकावे लागले की चांगला माल पिकवणारा शहाणा माणूस तो पिकवणे सोडतो. यात शेतकऱ्याच्या लोभाचा प्रश्न नाही. चार-पाच हेक्टरांचा धनी, मुले ग्वायाकीलला कामाला गेलेली, झाडे बापाच्या वेळची, फळ धरणे थंडावलेले. त्याने ती तोडून सीसीएन-५१ लावली नाही तर त्याला दोष द्यावा, की लावली तर?

आणि झाडे न तोडताही यकृतकेवर गदा येऊ शकते. कोकोची फुले फांदीच्या टोकाला न येता सरळ खोडावर येतात. म्हणून खोड स्वच्छ राखावे, त्यावरचे शेवाळ खरवडावे, असा सल्ला नेटक्या बागायतदाराला दिला जातो. ज्या सालीवर एक अख्खी जात तगून आहे ती शेतकी अधिकाऱ्याच्या लेखी मळ आहे. बुरशीवर मारल्या जाणाऱ्या तांब्याच्या फवाऱ्यांचेही शेवाळी वनस्पतींशी वैर आहे. बाग जितकी गचाळ, तितकी यकृतका सुखी, हे कटू असले तरी सत्य आहे.

कायद्याच्या बाबतीत एक्वादोर उदासीन आहे असे नाही. २००८ च्या राज्यघटनेने निसर्गाला हक्क बहाल केले. असे करणारा तो जगातील पहिला देश. हे केवळ कागदावर राहिले असेही नाही. २०२१ मध्ये तेथील घटना न्यायालयाने लोस सेद्रोस या मेघवनातील खाणकाम याच हक्कांच्या आधारे थांबवले. २००८ मध्येच सुरू झालेल्या सोसिओ बोस्के योजनेखाली जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना सरकार हेक्टरी वार्षिक मोबदला देते. पण या साऱ्याचा रोख जंगलावर. कोकोची बाग ही शेती. तिच्यातील छायावृक्ष तोडणे ही जंगलतोड ठरत नाही. युरोपीय संघाने २०२३ मध्ये जंगलतोडीच्या जमिनीवरील कोकोला मज्जाव करणारा नियम केला, आणि त्याची अंमलबजावणी लांबत गेली. तो नियम उद्या काटेकोरपणे पाळला गेला तरी जुनी सावलीची बाग मोडून उन्हातली बाग करणाऱ्याला त्याची झळ लागणार नाही, कारण नियमाच्या भाषेत तेथे आधीही शेत होते आणि नंतरही शेतच आहे.

याच पश्चिम एक्वादोरमधील सेंतिनेला नावाच्या डोंगररांगेची कथा या संदर्भात ध्यानात घेण्याजोगी आहे. तिच्या माथ्यावरचे जंगल तुटले तेव्हा फक्त तेथेच होणाऱ्या सुमारे नव्वद वनस्पती एका फटक्यात नष्ट झाल्या असे मानले गेले, आणि गुपचूप घडणाऱ्या विनाशाचे उदाहरण म्हणून ते नाव जगभर गाजले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने दाखवले की त्यांपैकी जवळजवळ सर्व जाती अन्यत्र, जंगलाच्या उरल्यासुरल्या तुकड्यांत जिवंत आहेत. विनाश अटळ असल्याच्या घोषणेने काही साधत नाही हे यातून दिसते. त्याचबरोबर, जे उरले आहे ते किती लहान लहान तुकड्यांच्या आधारावर उरले आहे हेही दिसते. यकृतकेच्या बाबतीत असा तुकडा म्हणजे कोणा एका शेतकऱ्याची जुनी बाग.

तेव्हा मोबदला द्यायचा तर तो या बागेला दिला पाहिजे. जंगल राखणाऱ्या मालकाला हेक्टरी पैसे देता येतात, तर छायावृक्षांसह जुना कोको राखणाऱ्यालाही देता येतील. मात्र रक्कम सीसीएन-५१ न लावल्याने होणाऱ्या तोट्याशी नाते सांगणारी हवी, नाही तर ती दक्षिणा ठरेल. हा भार एक्वादोरच्या तिजोरीवर टाकणे अन्यायाचे होईल. चॉकलेटच्या वेष्टनावर वर्षावनाची चित्रे छापून जे कारखाने माल खपवतात त्यांनी, आणि पर्यायाने तो खाणाऱ्यांनी, तो उचलावा हे रास्त. प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्था आज छायेची मोजदाद करतात. त्यांच्या कोष्टकात झाडाचे वय आणि खोडावरची हिरवळ यांसाठी एक रकाना वाढवणे अवघड नाही. खोड पाहायला सूक्ष्मदर्शक लागत नाही.

जुन्या बागा कायम ठेवता येणार नाहीत, हेही मान्य केले पाहिजे. झाड कधीतरी मरतेच. इनियाप या तेथील राष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेने नासिओनाल गटातील अधिक फळणारी वाणे दिली आहेत आणि ती सावलीत वाढवता येतात. सारी बाग एका हंगामात उखडून टाकण्याऐवजी तुकड्या-तुकड्याने, वरची छत्री न हलवता आणि मधूनमधून जुन्या खोडांच्या ओळी राखून नवी लागवड केली, तर त्या खोडांवरून शेजारच्या नव्या सालीवर जायला यकृतकेला अवधी मिळेल. तिला घाई नाही. नव्या खोडाची साल तिच्या पसंतीला उतरायला बरीच वर्षे जावी लागतात, आणि तोवर जुनी ओळ उभी राहील की नाही हे पुढच्या काही हंगामांतला पोत्याचा भाव ठरवणार आहे.